‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता थोडी चालेल का?’

दारू आणि यकृत या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना यकृतविकारतज्ज्ञ आणि व्यसनमुक्ती समुपदेशक यांनी मिळून दिलेली उत्तरं. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे, ट्रक चालवतात. बारा वर्षं झाली, रोज दोन क्वार्टर लागतात. आता पाय सुजतात, डोळे पिवळे दिसतात. सोनोग्राफीत लिव्हर खराब म्हणून आलं. आषाढीला माळ घालायची आणि त्या दिवसापासून थेंब घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलंय. पण मागच्या श्रावणात सोडली होती, तेव्हा तिसऱ्या रात्री अंथरुणात मुंग्या आल्या म्हणून चादर झटकत बसले, मलाही ओळखेनात. शेवटी सासूबाईंनी थोडी पाजली, मग शांत झाले. या वेळी घरीच जमेल का?
— एक वाचक, कराड तालुका

ताई, घरी नको. आणि आषाढीची वाटही पाहू नका, याच आठवड्यात रुग्णालयात न्या.

आधी मापाचा हिशोब बघू, कारण डॉक्टर तो विचारणार. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलि. व्हिस्की किंवा रम ४२.८ टक्क्यांची धरली, तर एका क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. दोन क्वार्टरचा झाला १२२ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच जाळू शकतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली दारू दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढतानाही रक्तात असते. बारा वर्षं त्यांचा मेंदू दारूशिवाय राहिलेलाच नाही.

दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज ब्रेक दाबलेला असला की मेंदू त्यावर मात करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवायला शिकतो. दारू एकदम थांबली की ब्रेक सुटतो आणि अ‍ॅक्सिलरेटर तसाच दाबलेला राहतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळ होते. सहा ते ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, माणसाला नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी पळते. तुम्ही पाहिलेल्या मुंग्या त्याच. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो, आणि एकदा होऊन गेलेल्याला पुढच्या वेळी ते पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो. सासूबाईंनी दारू पाजली म्हणून त्यांना बोल लावू नका. त्या रात्री त्यांना सुचलेला तोच एक उपाय होता.

यकृत आधीच बिघडलेलं असल्यामुळे आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, गोळी कोणती द्यायची. थरथर आणि फिट थांबवायला नेहमी दिल्या जाणाऱ्या डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या खराब यकृतात साचत जातात आणि रुग्ण गुंगीत जातो. अशा वेळी डॉक्टर बहुधा लोराझेपाम किंवा ऑक्झाझेपाम निवडतात. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

दुसरी, सलाईन. अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावायची आपल्याकडे पद्धत आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्व जवळपास संपलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-वनही त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. मग चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, आठवण कायमची जाऊ शकते. बी-वन शिरेतून किंवा इंजेक्शनने द्यायचं असतं, आणि तेही ग्लुकोजच्या आधी. ‘बी-वन दिलंत का?’ हा प्रश्न तुम्ही बिनधास्त विचारा.

जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन आणि मनोविकार असे दोन्ही विभाग असतात, तिथे जा. नुसत्या व्यसनमुक्ती केंद्रात आत्ता नेऊ नका, डोळे पिवळे असताना तिथे पुरेशी सोय नसते. कागदावर चार ओळी लिहून न्या : रोज किती, किती वर्षं, शेवटचा घोट कधी, आणि मागच्या श्रावणातली तिसरी रात्र. ही चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. खाट मिळेपर्यंत तुम्ही होऊन एकदम शून्यावर आणू नका, तसंच ‘शेवटची’ म्हणून जास्तही पिऊ देऊ नका. फिट आली, असंबद्ध बोलायला लागले, रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर १०८ ला फोन करा.

पिवळे डोळे आणि सुजलेले पाय यांतून एक शंका येते ती दारूमुळे झालेल्या तीव्र यकृतदाहाची. रक्तातलं बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं काविळीचं द्रव्य) आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून डॉक्टर एक आकडा काढतात. तो ३२ किंवा त्याहून जास्त आला तर पुढचा महिना धोक्याचा समजतात. जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव नाही याची खात्री करून काही रुग्णांना स्टेरॉइड देतात. सातव्या दिवशी रक्त पुन्हा तपासून औषध २८ दिवस चालवायचं की थांबवायचं ते ठरतं. पण दारू चालू राहिली तर यातलं काहीच टिकत नाही.

माळ जरूर घालू द्या, रुग्णालयातून घरी आल्यावर. माळेचा आधार खरा आहे. ‘माळकरी आहे’ म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, एकादशी येते, भजनाला बसणारी चार न पिणारी माणसं मिळतात. सोडल्यानंतरच्या महिन्यांत माणसाला नेमकं तेच लागतं. पहिले पाच दिवस मात्र डॉक्टरांच्या हाती द्या.

प्रश्न : वय ३१, आयटीत आहे. शुक्रवार-शनिवारी मिळून चार-पाच स्ट्राँग बिअर व्हायच्या, कधी व्हिस्की. फॅटी लिव्हर निघालं, रक्तात एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम ११० होतं. दोन महिने पूर्ण बंद ठेवली. आता एसजीपीटी ३४, रिपोर्ट नॉर्मल. वीकेंडला थोडी चालेल का? बिअरच घेईन.
— पुणे

दोन महिने थांबलात याचं फळ तुम्हाला मिळालं आहे. दारूमुळे यकृतात साठलेली चरबी चार ते सहा आठवड्यांत बरीच उतरते. यकृताइतकं सावरून घेणारं दुसरं इंद्रिय शरीरात नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आला तो दारू बंद होती म्हणून. ती परत सुरू केलीत तर आकडाही परत येईल.

‘बिअरच’ या शब्दाचाही हिशोब मांडा. ६५० मिलिची, ८ टक्क्यांची एक स्ट्राँग बिअर म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम मद्यार्क. दीड बाटली झाली की एक क्वार्टर पोटात गेली. तुमच्या चार-पाच बाटल्या म्हणजे दोन दिवसांत १६० ते २०० ग्रॅम, म्हणजे तीन क्वार्टरच्या आसपास, वर ती कधीमधी घेतलेली व्हिस्की. यकृत बाटलीवरचं लेबल वाचत नाही, ते ग्रॅम मोजतं.

एकट्या एसजीपीटीवर विसंबू नका. दारूच्या इजेत बहुतेक वेळा एसजीओटी हे दुसरं एन्झाइम जास्त चढतं, अनेकदा एसजीपीटीच्या दुप्पट. आणि यकृत आकसून निबर झालं, म्हणजे सिरॉसिस झाला, तरी हे दोन्ही आकडे जवळपास नॉर्मल येऊ शकतात, कारण हे एन्झाइम फक्त पेशी फुटत आहेत का एवढंच सांगतात. यकृत काम किती करतंय ते अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) सांगतात. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील तर यकृतातल्या रक्तवाहिनीचा दाब वाढलाय का ते बघावं लागतं. यकृत किती निबर झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन एकदा करून घ्या. तो दारू बंद असतानाच करायचा. पिणं चालू असताना सुजेमुळे आकडा खोटा वाढतो. वजन, कमरेचा घेर आणि साखरही तपासा. पोट सुटलेलं असेल तर दारू आणि चरबी मिळून यकृताला दुपटीने ग्रासतात.

तर उत्तर : नाही, थोडीही नको. एकदा दुखावलेल्या यकृतासाठी सुरक्षित माप म्हणून कोणताही आकडा आम्ही तुम्हाला देणार नाही. आणि दोन महिने झाल्याझाल्या हा प्रश्न मनात आला, याचा विचार एकदा समुपदेशकासोबत बसून करा. दोन महिने थांबणं जमलं आणि तिसरा नको वाटतो, तर दारू तुमच्या वीकेंडमध्ये नेमकं काय काम करत होती?

प्रश्न : मुलाला कावीळ झाली आहे, पितो म्हणून. गावातले एकजण काविळीची माळ देतात, ती लांबत खाली उतरत आली की कावीळ गेली म्हणतात. नाकात टाकायचं औषधही आहे. गुळवेलीचा काढा चालू केलाय. ठीक आहे ना?
— बीड जिल्हा

काढा आजच बंद करा. गुळवेल निरुपद्रवी समजली जाते, पण कोविडच्या काळात ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आधीच सुजलेल्या यकृतावर कोणताही काढा, भस्म किंवा ‘लिव्हर टॉनिक’ नको. आसवं आणि अरिष्टं तर आंबवूनच तयार होतात, त्यांत मद्यार्क असतो. दारू सोडणाऱ्याच्या घरात ती बाटली ठेवू नये.

माळेचं म्हणाल तर व्हायरल हेपटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला जातं. दारूची कावीळ तशी नसते. माळ लांबायची वाट बघण्यात गेलेले तीन आठवडे पुढे परत मिळत नाहीत. मुलाला उद्याच दाखवा, सोबत हेपटायटिस बी आणि सी ची तपासणीही करून घ्या. आणि दुखलंखुपलं म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका, त्याने मूत्रपिंड जातं आणि पोटात रक्तस्राव होतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला २ ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, आणि त्याही डॉक्टरांना सांगून.

प्रश्न : एका जाहिरातीत ‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ असं आहे. पावडर भाजीत घालायची. मागवू का? मी थकले आता.
— एक आई, नाशिक

आई, तुमचा थकवा समजतो. तरीही मागवू नका.

अशा पावडरींत काय असतं ते कोणी धड सांगत नाही, आणि पुष्कळदा त्यात डायसल्फिराम असण्याची भीती असते. हे खरं औषध आहे, पण माणसाने स्वतः समजून, कबूल करून घ्यायचं. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं. एरवी ते लगेच निकामी होतं. डायसल्फिराम तो मार्ग अडवतं, मग विष साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला गोळी पोटात आहे हे माहीतच नाही, तो नेहमीसारखी क्वार्टर पिणार आणि त्यात जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. शिवाय हे औषध स्वतःच यकृताला इजा करू शकतं, म्हणून यकृत बिघडलेल्याला डॉक्टर ते देत नाहीत. आणि मुलाला कधी कळलं तर तो तुमच्या हातचं जेवणार नाही. पुढे उपचाराला राजी करायला तुमचाच हात लागणार आहे.

दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत. अकॅम्प्रोसेट यकृतातून जात नाही, मूत्रपिंड ठीक असेल तर देता येतं. नाल्ट्रेक्सोन यकृत फार बिघडलं नसेल तर देतात. सिरॉसिसमध्ये बॅक्लोफेनचा अनुभव चांगला आहे, पण गुंगी येते का यावर लक्ष ठेवावं लागतं. यातलं कोणतं द्यायचं ते मनोविकारतज्ज्ञांनी यकृताचा रिपोर्ट समोर ठेवून ठरवावं.

मुलगा यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. बहुतेक केंद्रं आणि मनोविकार विभाग घरच्यांना भेटतात. अल-अनॉन हे दारुड्यांच्या घरच्यांचे गट आहेत, फी नसते. तिथे पहिली शिकवण असते की पिणं तुम्ही सुरू केलेलं नाही आणि ते तुमच्याच्याने थांबणारही नाही. पण कामावर खोटं कारण कळवणं, उधारी फेडणं, पडलेल्याला उचलून आणून झाकून ठेवणं हे तुम्ही थांबवू शकता. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना. ‘काल रात्री तू जिन्यात पडलास, मी घाबरले’ एवढंच बोला, भूतकाळाची यादी काढू नका.

एक सावधगिरीही बाळगा. हातपाय बांधून गाडीत टाकून नेणाऱ्या केंद्रांच्या नादी लागू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार संमतीशिवाय भरती करायची असेल तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि तिला मुदत असते. केंद्राची नोंदणी, डॉक्टर केव्हा येतात, रात्री फिट आली तर काय करता आणि घरच्यांना भेटू देता का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, सिरॉसिस आहे, पण दारू सोडून पाच महिने झाले. हल्ली दिवसभर झोपतात, रात्री टक्क जागे. काल शर्टाची बटणं लावता येईनात, जीभ जड झाली होती. वाडीत लोक म्हणाले, परत प्यायला. मलाही शंका आली. खूप बोललो त्यांना.
— सिंधुदुर्ग

त्यांनी दारू प्यायलेली नसावी. यकृताने गाळायचं अमोनियासारखं विष आतड्यातून थेट मेंदूकडे जायला लागलं की हुबेहूब असंच दिसतं : झोपेचं चक्र उलटं, सही वाकडी, बटणं लागत नाहीत, बोलणं अडखळतं, कधी श्वासाला गोडसर कुबट वास. पुढे केलेला पंजा पंख फडफडावेत तसा हलतो. आजच त्यांना रुग्णालयात न्या, आणि जमल्यास वाडीतल्या त्या माणसांनाही हे सांगा. पाच महिने न पिता काढलेल्या माणसाला ‘परत प्यायला’ हे ऐकावं लागणं फार लागतं.

हे आपोआप होत नाही, काहीतरी निमित्त असतं : बद्धकोष्ठता, पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग, आतल्या आत रक्तस्राव, लघवीच्या गोळीने पाणी फार उतरणं, किंवा कोणीतरी दिलेली झोपेची गोळी. डॉक्टर ते निमित्त शोधतात. लॅक्ट्युलोज सिरप चालू होईल. ते चमच्यांत मोजण्यापेक्षा परिणामावर मोजायचं : दिवसाला दोन ते तीन मऊ शौचाला. एकच झाली तर कमी पडतंय, पाच-सहा झाल्या तर जास्त होतंय आणि तेही वाईट. गाडी चालवू देऊ नका.

खाण्याविषयी तुम्ही विचारलेलं नाही, पण अशा वेळी घरात हमखास होणारी चूक म्हणजे डाळ, मासे, अंडी बंद करून पेज आणि उसाच्या रसावर ठेवणं. त्याने स्नायू झिजतात, आणि स्नायू अमोनिया उचलतात म्हणून भ्रम उलट वाढतो. सूज आणि पाणी वगळून ६० किलो वजन असेल तर रोज ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं हवीत. बांगडा किंवा दुसरा ताजा मासा १०० ग्रॅम घेतला तर १९-२० ग्रॅम मिळतात, अंड्यातून ६, घट्ट वरणाच्या वाटीतून ६-७, दुधाच्या पेल्यातून तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमधून १८. दिवसाचे सहा भाग करा. रात्री झोपताना काही खाल्लंच पाहिजे, दूध आणि दोन घावन किंवा केळं-दूध. सिरॉसिसमध्ये रात्रभराचा उपास शरीराला दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा जातो, ते स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. चतुर्थी-एकादशी आता नको.

पोटात पाणी असेल तर मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सगळ्या पदार्थांत मिळून एक सपाट छोटा चमचा. सुकट, खारा बांगडा, पापड, लोणचं, फरसाण यांत हे माप एका जेवणात उडतं. सैंधवही मीठच. आणि दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ घेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाची लय बिघडते. कोकणातल्या माणसाला सांगणं जड जातं, पण रोजच्या शहाळ्यालाही आधी डॉक्टरांचा होकार घ्या. मीठ कमी केल्यावर चव हवी तर कोकम, लिंबू, मिरी, आलं, ओलं खोबरं आहेच.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन लिहा. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये. ताप आला किंवा पोट दुखलं, तर सकाळची वाट बघू नका. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका, सिरॉसिसमध्ये कर्करोगाची गाठ लवकर सापडली तरच उपाय होतो. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एन्डोस्कोपी झाली नसेल तर तीही करा.

प्रश्न : मी बाई असून पिते. कोणाला सांगू?
— मुंबई

या पत्रात एवढंच लिहिलं होतं.

ताई, टेलि-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नशामुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा स्वतंत्र विभाग आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए हे दारू सोडणाऱ्यांचे आधारगट, तिथे नाव विचारत नाहीत, पहिल्या फोनवर ‘बायका येतात का त्या मीटिंगला?’ असं विचारून जा. एक गोष्ट लवकर करा, यकृताची तपासणी. तेवढ्याच दारूने बाईच्या यकृताला पुरुषापेक्षा जास्त आणि लवकर इजा होते. डॉक्टरांना खरं माप सांगा. रोज घेत असाल तर एकदम थांबवू नका, का ते वर कराडच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : आईवडिलांच्या आग्रहाने मी लिव्हरचा भाग वडिलांना द्यायला तयार आहे. रुग्णालय म्हणतं आधी सहा महिने दारू बंद. तोवर ते राहतील का?
— नागपूर

बहुतेक प्रत्यारोपण केंद्रं सहा महिन्यांची अट ठेवतात. ती शिक्षा म्हणून नसते. दारू थांबल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काहींचं यकृत इतकं सावरतं की प्रत्यारोपणाची गरजच उरत नाही. आणि नवं यकृत पुन्हा दारूत जाऊ नये, हेही बघायचं असतं. औषधांनी अजिबात न सावरणाऱ्या तीव्र यकृतदाहात काही केंद्रं, घरचा आधार भक्कम असेल तर, अट शिथिल करतात. म्हणून ‘राहतील का’ हे तिथल्या यकृततज्ज्ञांना आजच थेट विचारा. व्यसनमुक्तीचे उपचारही आजच सुरू करा, सहा महिने नुसते मोजत बसू नका.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मुलगा जवळचा नातेवाईक म्हणून दाता होऊ शकतो. तुमचं वय, रक्तगट, यकृतातली चरबी आणि तुमच्याकडे किती यकृत उरेल हे तपासतात. तुम्हीही पीत असाल तर बंद करा. सोबत नागपूरच्या झेडटीसीसीकडे (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे) मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव लावता येईल का ते रुग्णालयाच्या समन्वयकांना विचारा, आणि सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला). एक शब्द तुमच्या पत्रात खटकला, ‘आग्रहाने’. दात्याशी एकांतात बोलणं हा तपासणीचा भाग असतो. नको वाटत असेल तर तिथे सांगा, कारण न देता ‘दाता योग्य नाही’ एवढंच घरच्यांना कळवता येतं.

प्रश्न : केंद्रात पस्तीस दिवस राहून आलो. अडीच महिने कोरडा होतो. चुलतभावाच्या हळदीला एक घेतली, मग आठ दिवस सुटलीच नाही. आता चार दिवस बंद आहे. बायको बोलत नाही. परत केंद्रात जाऊ की काय करू? तोंड दाखवायला लाज वाटते.
— सोलापूर जिल्हा

दादा, चार दिवस बंद आहे हे वाचून पहिला प्रश्न तब्येतीचा : हात थरथरतात का, झोप येते का, डोळे पिवळे आहेत का? काहीही असेल तर आधी डॉक्टर. नसेल तरी या आठवड्यात यकृताची तपासणी करून घ्या, महिन्याने परत करा.

घसरण बहुतेकांची होते. ती पहिल्या घोटाच्या बऱ्याच आधी सुरू झालेली असते. वही घ्या आणि हळदीच्या आधीचे पंधरा दिवस लिहून काढा. मीटिंगला जाणं कधी थांबलं? ओढ कमी करणारी गोळी कधी संपली? कोणाशी भांडण झालं? हळदीला रात्री किती वाजेपर्यंत थांबलात, जेवला होतात का? भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी दोन एकत्र आले की ओढ जोर धरते. ती लाटेसारखी येते, बहुधा वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळेसाठी उपाय आधी ठरलेला हवा : पोटभर खाणं, जागा सोडणं, फोन लावणं. त्याच क्रमाने.

हळद, जत्रा, विसर्जन, धुळवड, पगाराचा दिवस हे आधी माहीत असतात. पहिलं वर्षभर हळदीला जाऊ नका, लग्नाला अक्षता पडेपर्यंत थांबा आणि जेवून निघा. जाताना न पिणारा एकजण सोबत असू द्या आणि गाडी स्वतःची ठेवा, म्हणजे कोणासाठी थांबावं लागत नाही. ‘आज नको’ म्हणालात तर उद्याचा आग्रह ओढवून घ्याल. ‘लिव्हर गेलंय, डॉक्टरांनी कायमची बंद केली’ हे वाक्य आपल्याकडे चालतं, आणि ते खोटंही नाही.

परत भरती व्हायचं का? आठ दिवसांवर थांबला आहात, शरीर ठीक आहे, घरात दारू नाही, तर आधी पाठपुरावा घट्ट करा. पुन्हा सुटली आणि तीन दिवसांत थांबली नाही, तर मात्र भरती व्हा. तुमच्या केंद्राला आजच फोन करा. त्यांना परत येणाऱ्या माणसांची सवय असते. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन. इतक्या वर्षांच्या अनुभवातून अशा संस्थांना पक्कं ठाऊक आहे की केंद्रातले दिवस ही सुरुवात असते, खरं काम घरी आल्यावर होतं.

एएच्या मीटिंगला आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही, पहिले तीन महिने जमेल तितक्या करा. सोलापूर लांब पडत असेल तर ऑनलाइन मराठी मीटिंगही होतात. तिथे आपल्यापेक्षा जास्त वर्षं न पिता राहिलेल्या एका माणसाला स्पॉन्सर व्हायला विचारा आणि त्याला रोज ठरावीक वेळी फोन करा, ओढ असो वा नसो. फक्त संकटात फोन करायचं ठरवलंत तर संकटात तो फोन होत नाही. आणि मीटिंगमध्ये घसरण सांगायला शब्द लागत नाहीत. मागे बसलात, नाव सांगितलंत, आज चौथा दिवस म्हणालात, तरी पुरे.

बायकोला या वेळी वचन देऊ नका, त्यांनी ती पुष्कळ ऐकली आहेत. पगार त्यांच्या हातात द्या, संध्याकाळी कुठे आहात ते कळवा, गोळी त्यांच्यासमोर घ्या. त्या बोलत नाहीत तर नको बोलू दे, काही महिने लागतील. त्यांना कोणाशी बोलावंसं वाटलं तर मुक्तांगणचा सहचरी गट आहे, अल-अनॉन आहे, तो पत्ता फ्रिजवर चिकटवून ठेवा.